ग्रंथकर्त्यांच्या उघड्या खिडक्या

त्या इमारतीत सगळे त्यांना ग्रंथकर्ते म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याचा त्यांना आनंद होई. पाठीमागेही तेच म्हणत, फक्त म्हणताना हसत. त्यांच्या बायकोला चष्मेवाली म्हणत, कारण चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती लग्नाआधीपासून करत आली होती. दोघांपैकी कोणाचं नाव खऱ्या कामावरून पडलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

कारण ग्रंथकर्त्यांनी ग्रंथ केलेला नव्हता. ते करत होते. पूर्वी ते एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचे, आणि चष्मेवाली मान्य करायची, की बऱ्या लिहायचे. कुठला स्क्रू आधी आणि कुठला नंतर, हे त्यांची पुस्तिका वाचून नवख्यालाही कळे. मग एकदा त्यांच्याकडे ऑफिसातल्या खुर्च्यांचं काम आलं. खालीवर होणाऱ्या, पाठीला टेकू देणाऱ्या, गोल फिरणाऱ्या खुर्च्या. त्या दिवशी ते घरी आले ते बूटही न काढता म्हणाले, "माणूस बसायला कधी लागला, याचा आजवर कोणी विचारच केलेला नाही!"

"मग तुम्ही करा," ती म्हणाली. तेव्हा ती तरुण होती. तिला वाटलं, विचार जेवणापर्यंत संपेल.

तो संपला नाही. तो नोकरी खाऊन बसला. बसण्याचा समग्र इतिहास लिहायचा तर दुसऱ्याची चाकरी कशी जमणार, असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. घरातल्या एकुलत्या एक मोठ्या खिडकीपाशी टेबल मांडलं, त्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि कामाला बसले. म्हणजे बसले. काम मागून यायचं होतं.

त्यांच्या कॉम्प्युटरचा एक नियम होता. तो बंद करायचा नाही. त्यात जे जे उघडलं असेल ते तसंच उघडं राहिलं पाहिजे. बटणावर त्यांनी चिकटपट्टीने कागद लावला होता : 'बंद करू नये. काम चालू आहे.' तो कागद पिवळा पडला तेव्हा त्यांनी नवा लावला, आणि वर्षभरात ग्रंथकर्त्यांच्या हातून पूर्ण झालेलं लिखाण तेवढंच, असं चष्मेवाली मनातल्या मनात म्हणाली. सुरुवातीला मनातल्या मनात. पुढे पुढे ती ते नणंदेपुढेही म्हणू लागली, पण नणंदेला हसू काही केल्या यायचं नाही. नणंद भावाची भक्त होती.

"दादाला बुद्धी आहे गं वहिनी," ती म्हणायची. "बुद्धीला वेळ लागतो."

"वेळेला तोटा नाही," चष्मेवाली म्हणायची.

उघडं ठेवायची सवय कॉम्प्युटरपुरतीच नव्हती. कपाटाचं दार, टूथपेस्टचं टोपण, वर्तमानपत्राची पानं, न्हाणीघरातला नळ, सगळं त्यांच्या मागे उघडंच राही. बोलताना वाक्यसुद्धा ते मध्येच सोडून देत आणि समोरच्याने ते पुरं करून घ्यावं अशी अपेक्षा ठेवत. चष्मेवाली मागून फिरत सगळं मिटत, लावत, बंद करत जाई. फक्त टेबलापाशी गेली की हात आवरता घेई आणि कॉम्प्युटरभोवतीची धूळ, देवाच्या मूर्तीभोवतीची पुसावी तशी, लांबून पुसे.

रोज सकाळी चहा घेऊन ते तिथे बसत आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या उघड्या खिडक्यांमधून फेरी मारत. ही पुढे आण, ती मागे टाक, तिसरीकडे नुसतं बघ. अधूनमधून पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येई, की कॉम्प्युटर एकदा पुन्हा सुरू करायला हवा, आता करू की नंतर? ग्रंथकर्ते 'नंतर'वर बोट ठेवत. नंतर हा शब्द त्यांना मनापासून आवडत असे.

चष्मेवालीला त्यांचा राग येत नव्हता. राग यायचे दिवस कधीच मागे पडले होते. काचेवर रोज एखादा बारीक चरा पडत जावा, एकाही चऱ्याने काही बिघडू नये, आणि एके दिवशी त्या काचेतून माणूस दिसेनासाच व्हावा, तसं तिचं झालं होतं. समोर कोणीतरी बसलेलं असे. त्याला ती जेवायला वाढत असे.

एका दुपारी ग्रंथकर्ते बहिणीकडे जेवायला गेले. चष्मेवाली दुकानात. घरात कोणी नाही असं बघून म्हणा, किंवा 'नंतर' ऐकून ऐकून कंटाळून म्हणा, कॉम्प्युटरने आपला आपण निर्णय घेतला. तो बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी ती दुकानातून आली तर दार सताड उघडं आणि ग्रंथकर्ते टेबलासमोर उभे. पडदा निळाशार, कोरा. एकही खिडकी नाही.

"तू हात लावलास?" त्यांनी विचारलं.

"मी आत्ता येतेय. चपलासुद्धा काढल्या नाहीत अजून."

"मग हे कोणी केलं?"

"त्यालाच विचारा. काहीतरी लिहिलंय की तिथे."

लिहिलेलं होतं. आपला कॉम्प्युटर अद्ययावत करण्यात आला आहे, असं कोपऱ्यात दिसत होतं. ग्रंथकर्त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि भिंतीला टेकून सरळ जमिनीवर बसले. "गेलं," ते म्हणाले. "सगळं गेलं. इतक्या वर्षांचं…" आणि वाक्य तिच्यासाठी सोडून दिलं.

तिने ते पुरं केलं नाही. ती हातपाय धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद आली, रडतच आली. ग्रंथकर्ते चादर ओढून पडले होते. नणंद त्यांच्या उशाशी बसली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि वहिनीकडे असं बघितलं, की जणू दार उघडं ठेवून चोराला हिनेच आत घेतलं.

"वहिनी, तुझं लक्ष हवं होतं गं."

"कशावर?"

"कशावर म्हणजे! घरात एवढी तपश्चर्या चाललेली…"

"मी दुकानात होते. तपस्वी तुझ्याकडे जेवत होते."

नणंदेने तोंड फिरवलं. भावाला मात्र 'तपस्वी' हा शब्द लागू पडला असावा, कारण ते चादरीतून बाहेर आले आणि चहा मागितला.

इथून पुढे जे झालं ते चष्मेवालीने स्वयंपाकघरातून पाहिलं. बातमी इमारतभर गेली. तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले भेटायला आले. ग्रंथकर्त्यांनी त्यांना सांगितलं, की ग्रंथ बराच झाला होता. मग समोरच्या जिन्यातली शिकवणीवाली आली, तिला सांगितलं, की शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. आठवडा उलटेपर्यंत शेवटचं पान उरलं होतं. हरवत हरवत ग्रंथ वाढतच चालला. दाराशी येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत दाटून येणारी हळहळ ग्रंथकर्ते लोणी खावं तशी खात होते. दाढी रोज होऊ लागली. ठेवणीतले सदरे बाहेर आले. दोन घास जास्त जाऊ लागले.

कळस केला तो ग्रंथपाल बाईंनी. त्या वाचनालयातून आल्या होत्या, आणि आल्या होत्या ते ग्रंथकर्त्यांनी कधीकाळी नेलेली आणि परत न केलेली पुस्तकं मागायला. दारातच त्यांनी विषय काढला. ग्रंथकर्त्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून हलक्या आवाजात दोन वाक्यं बोलले, तिसरं सोडून दिलं. बाईंचे डोळे भरले. जाताना त्या पुस्तकं विसरून गेल्या आणि वाचनालयात येऊन 'हरवलेला ग्रंथ' या विषयावर बोलायचं आमंत्रण देऊन गेल्या.

"ऐकलंस का?" ग्रंथकर्ते आत येऊन म्हणाले. "भाषण आहे माझं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. गाल वर आले होते. हा माणूस खुशीत होता. तिच्या मनात आलं, ग्रंथ लिहून जे कधी मिळालं नसतं ते याला तो न लिहिता मिळालं. दुसऱ्या कोणाला असं नशीब लाभलं असतं तर तिने कौतुक केलं असतं.

दुकानात डोळे तपासायच्या यंत्राला जोडलेला एक कॉम्प्युटर होता, आणि त्याची देखभाल करणारा एक पन्नाशीचा, जाडजूड, अबोल माणूस अधूनमधून येत असे. सगळे त्याला मेकॅनिक म्हणत. तिने त्याला रविवारी घरी बोलावलं. हे तिने नवऱ्यासाठी केलं असं ती नंतर नणंदेला म्हणाली. ते खोटं होतं.

मेकॅनिक आला तेव्हा नणंदही तिथेच होती. ग्रंथकर्ते त्याला बघून उठून उभे राहिले.

"हे कशाला?" ते बायकोला म्हणाले. "उगाच जखमेवर पुन्हा… राहू दे. गेलं ते गेलं."

"बघू तर दे ना दादा," नणंद म्हणाली. "निघालं तर निघालं!"

"नाही निघायचं गं. मी सगळं करून पाहिलंय."

मेकॅनिकने खुर्ची पुढे ओढली. पडदा वाचायला तो मान मागे नेत होता. चष्मेवालीच्या लक्षात आलं, याचा जवळचा नंबर वाढलाय, आणि एरवी तिने ते लगेच सांगितलं असतं.

"काय करून पाहिलंत?" त्याने विचारलं.

ग्रंथकर्ते खिडकीबाहेर बघू लागले.

"तुमच्या फायली जागच्या जागी आहेत की," थोड्या वेळाने मेकॅनिक म्हणाला. "गेलं काहीच नाही. मशीन बंद होऊन उठलं, एवढंच. काय काय उघडं होतं ते त्याच्याकडे असतं. पुन्हा उघड म्हटलं की उघडतं. आपोआप उघडायची खूण तुमच्या मशीनमध्ये केलेली नव्हती. तुम्ही शोधलं नाहीत का?"

"शोधलं की! म्हणजे त्या मनःस्थितीत…"

"मग आणू परत?"

"आणा," चष्मेवाली म्हणाली.

ग्रंथकर्त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते एक पाऊल पुढे आले, मग बहिणीकडे पाहून तिथेच थांबले. मेकॅनिकने एका ठिकाणी बोट टेकवलं, आणि खिडक्या परत येऊ लागल्या.

पहिली आली ती आरामखुर्चीची जाहिरात. तपकिरी कातड्याची, पाय लांब करायची सोय असलेली. दुसरीही तीच खुर्ची, हिरव्या रंगात. तिसऱ्या खिडकीत कुठल्याशा दूरच्या बेटावरचं हवामान होतं, जिथे ग्रंथकर्ते कधी गेले नव्हते आणि जाणारही नव्हते. मग पत्त्यांचा डाव आला, एकट्याने खेळायचा, अर्ध्यावर अडकलेला. मग आणखी एक डाव. 'तुमचं व्यक्तिमत्त्व कोणत्या प्राण्यासारखं?' अशी एक प्रश्नावली आली, तिच्यात शेवटचा प्रश्न सोडून सगळी उत्तरं दिलेली. मांजरं उंचावरून पडतात तरी त्यांना कसं लागत नाही, याची चित्रफीत आली आणि आपली आपण वाजू लागली. मेकॅनिकने आवाज बंद केला. त्याने लोकांचे पुष्कळ कॉम्प्युटर पाहिले असणार.

चष्मेवाली एकेक खिडकी बघत होती. इतकी वर्षं या टेबलापाशी हात आवरला तो यासाठी? तिला वाटलं, निदान एखादी बाई तरी निघायला हवी होती. चोरून लिहिलेली पत्रं, एखादा फोटो, काहीतरी. बाई निघाली असती तर ती रडली असती, भांडली असती, या माणसाला आपल्यापासून लपवण्याजोगं आयुष्य आहे असं तरी वाटलं असतं. इथे लपवायलासुद्धा काही नव्हतं.

शेवटी ग्रंथ आला.

"हाच ना?" मेकॅनिकने विचारलं आणि खुर्ची बाजूला घेतली, म्हणजे सगळ्यांना दिसावं.

पहिल्या पानावर नाव होतं, मोठ्या अक्षरांत. मग अर्पणपत्रिका. मग प्रस्तावना, ती अर्धी. मग 'दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने' असं एक प्रकरण होतं, आणि ते पुरं होतं. पहिली आवृत्ती हातोहात संपल्याबद्दल ग्रंथकर्त्यांनी वाचकांचे आभार मानले होते आणि काही टीकाकारांना सौम्य शब्दांत उत्तर दिलं होतं. त्यानंतर सविस्तर ऋणनिर्देश. त्यात बहिणीचा उल्लेख पहिला होता, वाचनालयाचा होता, जुन्या कंपनीतल्या साहेबांचाही होता. अगदी शेवटी 'घरच्या मंडळींनी शांतता राखली' असं एक वाक्य होतं. मग 'प्रकरण पहिलं', आणि त्याखाली एक ओळ : 'माणूस प्रथम केव्हा बसला, हे सांगणं कठीण आहे.'

त्याखाली काही नव्हतं.

"दादा!" नणंद ओरडली. तिचे डोळे वाहत होते. "माझं नाव पहिलं घातलंस तू!" तिने पुढचं पान बघितलंच नाही. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं.

चष्मेवालीने नवऱ्याकडे पाहिलं. हा क्षण आपल्याला गोड लागेल अशी तिची अपेक्षा होती. ग्रंथकर्ते उभे होते, हात लोंबते, आणि त्यांचा चेहरा चष्मा काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा झाला होता, ओळख पटू नये असा. क्षणभर तिला कसंसंच झालं. मग ते खाकरले आणि म्हणाले, "हा जुना खर्डा आहे. मुख्य भाग दुसरीकडे होता." आणि तिचं कसंसं होणं तिथेच थांबलं.

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" मेकॅनिकने सरळपणे विचारलं.

"तेच तर गेलं," ग्रंथकर्ते म्हणाले.

मेकॅनिकने तिच्याकडे बघितलं. मग विचारलं, "पुढच्या वेळी सगळं आपोआप परत यायला हवं का? तशी खूण करून ठेवतो."

"ठेवा," ती म्हणाली. "यांचं काही वाया जायला नको."

भाषणाच्या दिवशी वाचनालय भरलं होतं. ती मागच्या रांगेत बसली. ग्रंथकर्ते बोलायला उभे राहिले, आणि तिला मनाविरुद्ध कबूल करावं लागलं, की ते छान बोलले. दगडावर बसलेला पहिला माणूस, राजाचं सिंहासन, शाळेचा बाक, दवाखान्यात नंबर येण्याची वाट बघत बसलेली बाई, सगळं त्यांनी डोळ्यांपुढे उभं केलं. लोक हसले, हळहळले. मग कॉम्प्युटरने एका दुपारी हे सगळं कसं गिळलं ते त्यांनी सांगितलं, आणि थोडा भाग परत मिळाला पण गाभा गेला, असं सांगताना त्यांचा आवाज कापला. तो खराच कापला. यावर त्यांचा आता विश्वास बसला होता.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा चष्मेवाली उभी राहिली. माना वळल्या.

"जो भाग परत मिळाला, त्यातलं पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य सांगाल का?" ती म्हणाली. "आणि त्याच्या पुढचं?"

तिला वाटलं, आता. ग्रंथकर्त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली, आणि सावकाश म्हणाले, "माणूस प्रथम केव्हा बसला, हे सांगणं कठीण आहे." ते थांबले. लोकही थांबले. "पुढचं…" असं म्हणून त्यांनी दोन्ही हात रिकामे उघडून दाखवले.

मग टाळ्या पडल्या त्या थांबेनात. ग्रंथपाल बाई डोळे पुसत होत्या. शेजारची बाई चष्मेवालीचा हात दाबून म्हणाली, "किती सोसलंत हो तुम्ही दोघांनी!"

घरी जाताना ग्रंथकर्ते वाटेत म्हणाले, "बरं विचारलंस. योग्य जागी विचारलंस. पुढच्या वेळी आपण आधीच ठरवून घेऊ."

पालथ्या घड्यावर पाणी घालणाऱ्याला निदान पाणी वाहून गेलेलं दिसतं. तिचं पाणी घड्याने पिऊन टाकलं होतं, आणि वर तो आणखी मागत होता.

पुढची वेळ आली. मग त्याच्यापुढचीही. दुसऱ्या वाचनालयाने बोलावलं, एका शाळेने बोलावलं, निवृत्तांच्या मंडळाने दोनदा बोलावलं. ग्रंथकर्ते आता बसेनात. ते सारखे कुठेतरी उभे राहून बोलत असत, आणि घरी आले की पाय दुखतात म्हणून आडवे होत. टेबलाकडे ते फिरकत नव्हते.

दुकानाच्या मालकांनी त्याच सुमारास काचांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली होती आणि थोडं काम ती घरी आणू शकत होती. तिने बटणावरचा कागद काढला. आता ती संध्याकाळी काम झालं की कॉम्प्युटर बंद करी. दुसऱ्या दिवशी सुरू केला की मेकॅनिकने केलेल्या खुणेप्रमाणे ग्रंथकर्त्यांचं सगळं रांगेने परत येई, खुर्ची, बेट, पत्ते, मांजर. तिला ते बाजूला सारून आपलं काम काढावं लागे. मग तिने एक दिवस हिरवी खुर्ची बंद केली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा डाव बंद केला. मशीनने विचारलं, खेळ सोडायचा का? तिने हो म्हटलं. असं करत करत, कधी रोज, कधी आठवड्याने, तिने सगळं मिटवलं. ग्रंथाची फाईलही बंद केली. पुसली नाही. पुसायला काहीतरी असावं लागतं.

त्यांनी विचारलं की काय सांगायचं, हे तिने ठरवून ठेवलं होतं. चांगलं खणखणीत सांगणार होती. बरीच वर्षं साठलेलं होतं.

एका दुपारी ते भाषणाला निघायच्या घाईत मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर तिची एकच खिडकी होती, त्यात डाव्या डोळ्याचे, उजव्या डोळ्याचे नंबर. बाकी सगळं स्वच्छ. ते बघत राहिले. ती थांबली. हात आपोआप मांडीवर घट्ट मिटले गेले.

"वा," ग्रंथकर्ते म्हणाले. "काय मोकळं मोकळं वाटतंय गं. माझा पांढरा सदरा कुठेय?"

"दाराच्या मागे."

त्यांनी सदरा घेतला, घातला, आरशात पाहिलं आणि गेले. दार उघडंच टाकून. ती उठली आणि लावून आली. उजव्या डोळ्याचा एक नंबर तिने चुकीचा भरला होता, तो दुरुस्त केला.